मित्र गेममध्ये अडकलाय? थेट उत्तर नको, हिंट द्या

हा आपल्या या वेळच्या भागाचा लेखी अवतार. ज्यांना ऐकायला वेळ मिळाला नाही, किंवा ज्यांचे इअरफोन नेमके बसमध्येच सापडत नाहीत, त्यांच्यासाठी. बोलताना झालेलं ‘म्हणजे, म्हणजे’ काढून टाकलंय, बाकी भाषा तीच आहे.

आजचा विषय आहे जुने ॲडव्हेंचर गेम्स आणि त्यातली कोडी. पण कोडी कशी सोडवायची हा विषय नाहीये. दुसरा कोणीतरी कोड्यात अडकलाय आणि उत्तर तुम्हाला माहितीये, तर त्याला मदत कशी करायची, हा आहे.

तुम्ही म्हणाल, यात काय एवढं? उत्तर सांगून टाकायचं! तर थांबा. ग्रुपवर कोणीतरी लिहितं, ‘यार, दोन दिवस इथेच अडकलोय, पुढे काय करू?’ दहा सेकंदांत उत्तर येतं, ‘अमुक घे, तमुकवर वापर.’ तो करतो, दार उघडतं, ‘थँक्स भाई’ म्हणतो. झाली मदत. पण त्या दोन दिवसांत तो ज्याची वाट बघत होता तो क्षण, ‘अरेच्चा! असं होतं होय!’ असं स्वतःशीच ओरडण्याचा, तो गेला. आणि तो परत मिळत नाही. मारामारीचा गेम तुम्ही शंभर वेळा खेळू शकता. कोडं मात्र पहिल्यांदा एकदाच सुटतं.

दुसरी बाजूही आहे. कोणीच मदत केली नाही, तर माणूस चिडतो आणि गेम सोडून देतो. मग पुढची सगळी गोष्टच हुकते. म्हणजे मदत तर करायचीये, पण बेतानं. किती सांगायचं आणि कुठे थांबायचं, यावर लोकांनी जवळपास पन्नास वर्षं डोकं लावलंय. ते सगळं आज बघू.

गुहा, पक्षी आणि गेमनेच दिलेली हिंट

सुरुवात अगदी पहिल्या गेमपासून. अमेरिकेत विल क्राउदर नावाचा प्रोग्रामर होता, त्याला खऱ्या गुहांमध्ये फिरायचा नाद होता. १९७५-७६च्या सुमारास त्याने केंटकी राज्यातल्या मॅमथ केव्ह या प्रचंड गुहेच्या आधारे एक गेम लिहिला. १९७७ मध्ये डॉन वूड्सने त्यात भर घातली. हाच तो ‘कोलोसल केव्ह ॲडव्हेंचर’. चित्र नाही, आवाज नाही. स्क्रीनवर मजकूर येतो, ‘तू अमुक ठिकाणी आहेस, इथे तमुक आहे.’ तुम्ही इंग्रजीत एक-दोन शब्द टाइप करायचे, उत्तरेला जा, दिवा घे, वगैरे.

त्यात एक कोडं आहे. गुहेत एक लहानसा पक्षी आहे आणि तुमच्याकडे पिंजरा आहे. सोप्पं वाटतं ना? पण पक्षी हातात येत नाही. कारण वाटेत तुम्ही एक काळी काठी उचललेली असते आणि पक्षी त्या काठीला घाबरतो. काठी खाली ठेवा, मग पक्षी निमूट पिंजऱ्यात येतो. पुढे हाच पक्षी एका भयंकर सापाला पळवून लावतो.

आता गंमत ऐका. वूड्सच्या आवृत्तीत तुम्ही पक्ष्याशी बराच वेळ झटापट करत बसलात, तर गेम स्वतःच विचारतो, ‘पक्षी पकडायचाय का? हिंट हवीये का?’ हो म्हटलंत तर काही गुण कापले जातात. आणि हिंट काय मिळते? साधारण एवढीच, की पक्षी आत्ता घाबरलेला आहे, आत्ता काहीही केलंस तरी येणार नाही. बस. काठीचं नावसुद्धा नाही.

यात चांगल्या हिंटचे सगळे गुण आलेत बघा. एक, माणूस खरंच अडकेपर्यंत गेम थांबला. दोन, त्याने आधी विचारलं. तीन, हिंट घ्यायला थोडी किंमत ठेवली, म्हणून कोणी उगाच घेत नाही. आणि चार, हिंटने फक्त नजर वळवली. ‘पकडू कसा?’ या प्रश्नाच्या जागी ‘घाबरलाय कशाला?’ हा प्रश्न आला. तिथून काठीपर्यंत खेळणारा स्वतःच्या पायांनी जातो.

अदृश्य शाईची पुस्तकं

यानंतर आला ‘झॉर्क’, बनवणारी कंपनी इन्फोकॉम. हा गेम घरगुती कॉम्प्युटरवर विकला जायला लागला आणि हजारो लोक आपापल्या घरी एकेकटे अडकायला लागले. इंटरनेट नाही, विचारायचं कोणाला? लोक कंपनीला पत्रं लिहायचे, फोन करायचे. माइक डॉर्नब्रुक नावाचा तरुण, ज्याने झॉर्कची चाचणी केली होती, तो या पत्रांना उत्तरं द्यायला लागला. पुढे त्याने त्यासाठी ‘झॉर्क युझर्स ग्रुप’ सुरू केला आणि गेमचे नकाशे, हिंट असं टपालाने विकायला लागला.

पण एकेका पत्राला उत्तर देणं किती दिवस जमणार? छापील पुस्तक काढावं तर दुसरीच अडचण. पान उघडलं की सगळी उत्तरं डोळ्यांसमोर. एका कोड्याचं उत्तर शोधताना शेजारच्या चारांचं वाचून होणार. यावरचा उपाय म्हणजे ‘इन्व्हिजिक्लूज’. पुस्तिकेत प्रश्न छापलेला, त्याखाली रिकामे चौकोन. सोबत एक खास मार्कर. पहिल्या चौकोनावर मार्कर फिरवला की अदृश्य शाईतली हिंट उमटते, अगदी हलकीशी. त्यावर सुटलं नाही तर दुसरा चौकोन, जरा जास्त स्पष्ट. शेवटच्या चौकोनात पूर्ण उत्तर. किती घासायचं ते तुम्ही ठरवायचं.

आणि याहून हुशार गोष्ट म्हणजे त्या पुस्तिकेत मधूनमधून खोटे प्रश्न असायचे. गेममध्ये नसलेल्याच गोष्टींबद्दल. का? कारण नुसते प्रश्न वाचूनही पुढे काय येणार ते फुटतं! ‘ड्रॅगनला कसं मारायचं?’ असं वाचलं की कळलंच ना, पुढे ड्रॅगन आहे. म्हणून खऱ्यांमध्ये काही खोटे.

ही शिडीची कल्पना इतकी चांगली होती की ती टिकली. १९८८ मध्ये ‘युनिव्हर्सल हिंट सिस्टिम’ आली, तिने हेच कॉम्प्युटरच्या स्क्रीनवर केलं, एका वेळी एकच हिंट उघडायची. आणि २०२२च्या ‘रिटर्न टू मंकी आयलंड’मध्ये तर हिंटचं पुस्तक गेमच्या आतच आहे, तुमच्या नायकाच्या खिशात. तिथेही हलक्या हिंटपासून सुरुवात, मग हळूहळू स्पष्ट.

आपल्याकडे हे नवीन नाहीये खरं तर. आजी कोडं घालायची तेव्हा लगेच उत्तर सांगायची का? ‘हरलो म्हण, मग सांगते.’ आणि आपण हरलो म्हणायचो नाही, मग ती एकेक खूण द्यायची. तीच शिडी.

आधी ओळखा, अडकलाय कशामुळे

आता मुख्य मुद्दा. अडकण्याचे प्रकार असतात आणि प्रत्येकाला औषध वेगळं लागतं. मी त्याचे तीन भाग करतो.

पहिला प्रकार, दिसलंच नाही. वस्तू स्क्रीनवर आहे, पण चार पिक्सेलची आहे किंवा अंधाऱ्या कोपऱ्यात आहे. जुने माउसवाले गेम या बाबतीत बदनाम आहेत. कर्सर इंच इंच फिरवत बसायचं, याला लोक वैतागून ‘पिक्सेल हंटिंग’ म्हणतात. यात बुद्धीचा काही संबंध नाही, नुसता डोळ्यांचा छळ. फोनच्या छोट्या स्क्रीनवर तर विचारूच नका. इथे हिंट देऊन माणसाला अजून छळू नका. ‘डावीकडच्या खालच्या कोपऱ्यात नीट बघ’ असं सरळ सांगा. त्याचा आनंद त्याने काही गमावला नाही.

दुसरा प्रकार, जोडलं नाही. सगळं दिसलंय, सगळं खिशात आहे, पण कशाचा कशाशी संबंध ते लागत नाहीये. वरचा पक्षी आणि काठी, हे याचं उदाहरण. हेच खरं कोडं. इथेच शिडी वापरायची, आणि इथेच तोंड आवरायचं.

तिसरा प्रकार, शक्यच नाही. म्हणजे आता या क्षणी त्याने कितीही डोकं लावलं तरी सुटणार नाही. याचे दोन पोटप्रकार आहेत, आणि दोन्हींची उदाहरणं भारी आहेत.

बॅबल फिश आणि दारातलं टपाल

१९८४ मध्ये इन्फोकॉमचाच ‘द हिचहायकर्स गाइड टू द गॅलक्सी’ आला. मूळ लेखक डग्लस ॲडम्स आणि स्टीव्ह मेरेट्झकी या दोघांनी मिळून तो लिहिला. त्यात एका परग्रहवासी यानावर तुम्हाला बॅबल फिश नावाचा मासा कानात घालायचाय. तो घातला की परक्यांची भाषा कळते. मशीनचं बटण दाबलं की मासा बाहेर उडतो आणि समोरच्या भिंतीतल्या छिद्रात जातो. छिद्रावर गाऊन लटकवा, तर मासा खालच्या जाळीतून पडतो. जाळीवर टॉवेल टाका, तर एक सफाई रोबो येऊन मासा पळवतो. रोबोच्या वाटेत बॅग ठेवा, तर तो बॅगेला धडकतो, मासा वर उडतो आणि हवेतला दुसरा रोबो त्याला झेलतो! शेवटी त्या बॅगेवर जाहिरातींच्या टपालाचा गठ्ठा ठेवायचा. वरचा रोबो कागद गोळा करण्यात गुंततो आणि मासा अलगद कानात.

हे कोडं इतकं गाजलं की ‘मला बॅबल फिश मिळाला’ अशा अर्थाचे टी-शर्ट निघाले. पण त्यातली खरी मेख वेगळी आहे. तो टपालाचा गठ्ठा गेमच्या अगदी सुरुवातीला, तुमच्या घराच्या दारात पडलेला असतो. तिथे उचलला नाहीत, तर नंतर परत जाता येत नाही. कारण तोवर अख्खी पृथ्वीच नष्ट झालेली असते.

आता समजा तुमची मैत्रीण या कोड्यावर अडकलीये आणि तिच्याकडे टपाल नाही. तुम्ही तिला छान छान हिंट देत बसलात, ‘रोबोला काय आवडतं त्याचा विचार कर,’ तर तो अन्याय आहे. ती दहा दिवस विचार करेल आणि तिच्या हातात काहीच नाही. म्हणून हिंट देण्याआधी पहिला प्रश्न नेहमी हाच, ‘तुझ्याकडे काय काय वस्तू आहेत?’ हवी ती वस्तू नसेल आणि मागे जाता येत नसेल, तर सरळ सांगा, ‘जुना सेव्ह लोड कर, सुरुवातीच्या घरात काहीतरी राहिलंय.’ बघा, इथेही टपालाचं नाव घेतलं नाहीये. रस्ता बंद आहे हे सांगितलं, पुढचं शोधणं तिचंच.

माकडाचा पाना

दुसरा पोटप्रकार आपल्यासाठी जास्त महत्त्वाचा. १९९१ चा ‘मंकी आयलंड २’, रॉन गिल्बर्ट आणि मंडळींचा. धमाल गेम आहे. त्यात एका धबधब्यापाशी एक पंप आहे, तो फिरवून पाणी बंद करायचंय. हाताने फिरत नाही. उत्तर काय? दुसऱ्या बेटावरच्या बारमध्ये एक माकड पियानो वाजवतंय. त्याच्यासमोरच्या मेट्रोनोमवर केळं ठेवायचं. ते संमोहित होऊन ताठ होतं. मग ते माकड उचलून खिशात टाकायचं आणि पाना म्हणून पंपावर वापरायचं.

का? कारण अमेरिकन इंग्रजीत एका प्रकारच्या पान्याला ‘मंकी रेंच’ म्हणतात. तो शब्द माहीत नसेल, तर हे कोडं सुटायचा मार्गच नाही. ब्रिटनमध्ये रेंचला स्पॅनर म्हणतात, तिथले लोकही इथे गार झाले. आपल्या घरी कोणी ‘पाना दे रे’ म्हणालं, तर त्यात माकडाचा संबंध येतोच कुठे?

असंच १९८४च्या ‘किंग्ज क्वेस्ट’चं. एका बुटक्याचं नाव ओळखायचंय. आधी युरोपातली रंपलस्टिल्टस्किनची परीकथा माहीत हवी. उलटा विचार कर, अशा अर्थाची एक चिठ्ठी गेममध्ये सापडते. म्हणून तुम्ही ते नाव उलटं लिहिता, तर तेही चूक! अख्खी इंग्रजी वर्णमालाच उलटी करायची, म्हणजे ए च्या जागी झेड, बी च्या जागी वाय, आणि मग नाव लिहायचं. पुढे १९९०च्या नव्या आवृत्तीत नाव नुसतं उलटं लिहिलेलंही चालायला लागलं.

मराठीतून विचार करणारा मुलगा इथे अडकला, तर तो कमी हुशार आहे असं अजिबात नाही. कोडं ज्या शब्दावर उभं आहे, तो शब्दच त्याच्या घरात नाही. तेव्हा तो शब्द द्या. ‘अमेरिकेत पान्याला एक प्राण्याचं नाव आहे’ एवढं सांगा. माकड आणि पंप जोडायचं काम त्याला करू द्या. म्हणजे बाहेरची माहिती आपण पुरवायची, आतला विचार त्याचा त्याने करायचा.

एक प्रॅक्टिकल, फोनवर

नुसतं ऐकून काय उपयोग, करून बघू. ‘स्कमव्हीएम’ नावाचं एक मोफत ॲप आहे, त्यात असे जुने गेम फोनवर चालतात. आणि १९९४चा ‘बिनीथ अ स्टील स्काय’ हा गेम बनवणाऱ्यांनी २००३ मध्ये मोफत करून टाकलाय, तो स्कमव्हीएमच्याच साइटवर मिळतो. कायदेशीर आणि फुकट, अजून काय पाहिजे?

पुढच्या काही ओळींत त्यातल्या पहिल्याच कोड्याचं स्पॉयलर आहे. स्वतः खेळायचा असेल, तर पुढच्या मथळ्यावर उडी मारा.

नायक फॉस्टर एका कारखान्यात लपलाय, मागे सुरक्षारक्षक आहेत आणि बाहेरचं दार उघडत नाहीये. तुमचा मित्र इथे अडकला. संवाद असा व्हायला हवा:

‘काय काय करून पाहिलंस?’
‘दारावर टॅप केलं, उघडत नाही. सगळीकडे फिरलो.’
‘बरं, थोडंसं सांगू की अजून बघतोस?’
‘सांग, पण थोडंसंच.’
‘दार हाताने उघडत नाही. घरी असं झालं तर काय करशील?’
‘काहीतरी घालून उचकटेन. पण माझ्याकडे काहीच नाहीये.’
‘तुझ्याकडे नाही. पण आसपास?’
‘...थांब. जिना बघतो.’

आणि जिन्याचा एक लोखंडी दांडा निघतो, त्याने दार उचकटतं. मित्राला जिना तुम्ही सांगितलाच नाही! तो त्यालाच सुचला. त्याला नसता सुचला, तर पुढची पायरी होती ‘जिन्याकडे नीट बघ’. त्यानंतरची ‘एक दांडा निघतो का बघ’. आणि अगदी शेवटी ‘दांडा घे, दारावर वापर’. चार पायऱ्या, आणि प्रत्येक पायरीनंतर थांबायचं. किती वेळ? तो स्वतः परत विचारेपर्यंत.

लक्षात ठेवायच्या चार गोष्टी

एक, उत्तराआधी प्रश्न. कुठे आहेस, खिशात काय आहे, काय करून झालंय. बऱ्याचदा हे सांगता सांगताच समोरच्याला सुचतं आणि तुम्हाला काही करावंच लागत नाही.

दोन, ग्रुपवर उत्तर लिहिणार असाल, तर स्पॉयलरची सोय वापरा, मजकूर झाकून ठेवा. एकाने विचारलं म्हणून बाकीच्या पन्नास जणांचं कोडं फोडू नका. आणि ‘पुढे तर अजून भारी ट्विस्ट आहे’ असं म्हणूच नका. ट्विस्ट आहे हे कळणं हेसुद्धा फुटणंच आहे. ते खोटे प्रश्न आठवा.

तीन, ‘एवढं सोपं कसं सुचलं नाही?’ हे वाक्य तोंडातून काढायचं नाही. उत्तर माहीत असलेल्याला प्रत्येक कोडं सोपंच वाटतं.

चार, विचारणाऱ्यांसाठी. ‘अडकलोय’ एवढंच लिहू नका. गेम कोणता, कुठवर आलात आणि किती मदत हवीये ते लिहा. ‘फक्त दिशा सांगा’ किंवा ‘आता कंटाळलोय, उत्तरच सांगा’. हो, थेट उत्तर मागण्यातही काही गैर नाही. दिवसभराचं काम करून रात्री अर्धा तास खेळणाऱ्या माणसाला नुसती गोष्ट पुढे बघायची असू शकते. त्याने मागितलं तर द्या, वर प्रवचन नको. आणि हो, प्रत्येक नव्या जागी वेगळा सेव्ह करत जा. टपाल राहून गेलं, तर तेवढाच आधार.

जाता जाता एक मजेदार गोष्ट. त्याच ‘मंकी आयलंड २’मध्ये शेवटाकडे जंगलात एक फोन दिसतो, आणि तुमचा चाचा नायक त्यावरून चक्क गेम बनवणाऱ्या कंपनीच्या हिंट लाइनला फोन लावतो! तेव्हा खेळणारे खरोखरच अशा लाइनवर पैसे मोजून मदत घ्यायचे, त्याचीच ही थट्टा. आज ती लाइन नाही. आता कोणी अडकलं, तर फोन तुम्हालाच येणार आहे.

तर या आठवड्यात एक काम करा. ‘बिनीथ अ स्टील स्काय’ डाउनलोड करा, सोबत एका मित्राला किंवा मैत्रिणीला घ्या, आणि एकमेकांना फक्त प्रश्न विचारून पुढे न्या. कुठे अडकलात ते आम्हाला जरूर कळवा. उत्तर मागितलंत तर उत्तर देऊ, पण आधी विचारू, ‘खिशात काय काय आहे?’

भेटू पुढच्या भागात!